मोटर एकच, पट्टे दोन

लॅपटॉप कधी बिघडतो? बरोब्बर सबमिशनच्या आदल्या आठवड्यात! टी.ई.च्या दुसऱ्या सेमिस्टरला माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीचे १४ हजार सांगितले. मी तो तसाच सॅकमध्ये घालून होस्टेलवर परत आलो. घरी फोन करायची हिंमत होईना, आणि त्याला कारण होतं.

आमची गावाकडे पिठाची गिरणी आहे. फर्स्ट इयरला मी लॅपटॉप मागितला तेव्हा आप्पा म्हणाले होते, "आरं, मोबाईल म्हंजे कॉम्प्युटरच हाय म्हणतोस ना? मग दुसरा कशाला? आपल्या गिरणीत मोटर एकच. पट्टा जात्याला लावला की दळण, डंक्याला लावला की मिरची." मी हसलो. "तुम्हाला त्यातलं कळत नाही आप्पा," असंही बोलून गेलो (आता लिहितानासुद्धा लाज वाटते). त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून ४५ हजारांचा लॅपटॉप घेऊन दिला. त्याचे हप्ते अजून चालूच होते.

त्या रात्री जेवण जाईना. (मेसचं जेवण तसं एरवीही जात नाही, ती गोष्ट वेगळी!) रूम पार्टनर म्हणाला, "फोनवरच कर की सगळं." कल्पना काही नवी नव्हती. २०११ मध्ये मोटोरोलाने ॲट्रिक्स नावाचा फोन काढला होता. त्याच्यासाठी लॅपटॉपसारखं दिसणारं एक खोकं वेगळं मिळायचं. त्यात स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी सगळं, फक्त मेंदू नाही. मागे फोन खोचला की ते जागं व्हायचं. म्हणजे आप्पांचीच गिरणी! ते फारसं चाललं नाही, पण २०१७ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस८ बरोबर 'डेक्स' आणलं. फोन मॉनिटरला जोडा, डेस्कटॉप हजर. चिपची गंमत तर आणखीच. आपल्या फोनमधल्या एआरएम चिपचा पहिला अवतार १९८५ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत जन्मला, तो टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी. वीज कमी खाते म्हणून तिची पुढची पिढी खिशात गेली, आणि २०२० मध्ये ॲपलच्या एम१ च्या रूपाने लॅपटॉपमध्ये आली.

एवढं वाचल्यावर जोर चढला. ॲडॅप्टर आणून माझा फोन कॉमन रूमच्या टीव्हीला लावला. 'नो सिग्नल'. आरडाओरडा ऐकून रेक्टर सर आले. आता शिव्या बसणार असं वाटलं, पण सरांनी आपला महागातला फोन काढून दिला. लगेच चित्र! टाइप-सीच्या सॉकेटमध्ये २४ पिना असतात. पण चित्र ज्या वेगवान जोड्यांवरून जातं, त्या बऱ्याच स्वस्त फोनमध्ये जोडलेल्याच नसतात. तिथे काम चार्जिंग आणि यूएसबी २.० पुरतंच. बाहेरून भोक मात्र सेम टू सेम.

कीबोर्ड तेवढा लागला. टर्मक्समध्ये पायथॉन टाकून प्रोजेक्टचा कोड चालवला, आणि चालला की राव! लॅपटॉपवर लागायचा साधारण तेवढाच वेळ. पण एवढ्याशा स्क्रीनवर कोड बघावा तर ग्राफ दिसत नाही, आणि ग्राफ बघावा तर कोड. पीसीबीचं डिझाइन तर सोडूनच दिलं. त्यासाठी लॅबमधले काका तीन दिवस रात्री आठपर्यंत थांबले. रिपोर्ट मात्र अख्खा ४८ पानांचा, फोनवर.

मे महिन्यात घरी गेलो. डंक्याला गर्दी, घरभर मिरचीचा खाट. हिंमत करून आप्पांना सगळं सांगितलं, १४ हजारांसकट. ते जरा वेळ गप्प राहिले.

"म्हंजे मोटर हाय, पर पुलीच दिली न्हाई म्हण की."

"होय."

"आन् पुलीवाला फोन केवढ्याला?"

मी आकडा सांगितला.

"त्यापरीस हायी त्योच नीट करून घी," असं म्हणत ते पट्टा बदलायला उठले. शिंकत शिंकत मी दुसरी बाजू धरली.