चोवीसशे वर्षांपूर्वीची पेज

जमिनीखालचा इतिहास उकरून काढणे हे खर्चाचे काम आहे, आणि तो खर्च बहुधा लोकांच्याच पैशातून होतो. मग मातीतून काय निघाले, हे लोकांना समजायला नको का? इंग्रज पुरातत्त्वज्ञ सर मॉर्टिमर व्हीलर यांना हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटे. १९४४ ते १९४८ या काळात ते भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते; हडप्पा आणि अरिकामेडू येथे त्यांनी उत्खनने केली. त्यापूर्वी इंग्लंडात मेडन कॅसल या प्राचीन किल्ल्यावर खोदकाम चालू असता बघ्यांची रीघ लागे. व्हीलरांनी त्यांना हुसकावून लावले नाही. आदराने सारे दाखविले.

१९५२ साली बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर एक खेळ सुरू झाला. त्याचे नाव ‘ॲनिमल, व्हेजिटेबल, मिनरल?’, म्हणजे प्राणी, वनस्पती की खनिज? संग्रहालयातील एखादी चमत्कारिक वस्तू तीन जाणत्यांपुढे ठेवावयाची. ती कुठली, केव्हाची आणि कशाच्या उपयोगाची, हे त्यांनी ओळखावयाचे. सूत्रधार होते ग्लिन डॅनियल. व्हीलर वस्तू हाती घेऊन निरखीत, झुबकेदार मिशांवर हात फिरवीत आणि मोठ्याने तर्क करीत. विद्वान माणूस विचार कसा करतो, आणि कधी चुकतो कसा, हे लोकांना घरबसल्या दिसू लागले. १९५४ साली दूरचित्रवाणीवरील सर्वांत लोकप्रिय व्यक्तीचा मान या चौसष्ट वर्षांच्या संशोधकाला मिळाला!

त्याच साली ‘पुरलेला खजिना’ या अर्थाच्या नावाची दुसरी मालिका निघाली. १९५० मध्ये डेन्मार्कमधील टोलुंड येथे दलदलीतून जळणाची माती कापताना मजुरांना एका माणसाचे प्रेत सापडले होते. चेहरा इतका ताजा, की त्यांनी पोलिसांना बोलाविले. पण तो माणूस मरून सुमारे २४०० वर्षे झाली होती. त्याच्या पोटातील अखेरच्या जेवणाचे कणही शाबूत होते. त्यात जव होते, जवस होते आणि कितीतरी रानटी बिया होत्या. तशीच पेज शिजवून व्हीलर आणि डॅनियल यांनी ती प्रेक्षकांसमोर चाखली. चव मुळीच आवडली नाही, हे निराळे सांगावयास नको.

काही विद्वानांनी याला पोरखेळ म्हटले. परंतु त्या एका घासाने पुरातन माणसाची भूक जितकी जवळ आणली, तितकी जाडजूड अहवालाने क्वचितच आणली असती.

धोका मात्र होता, आणि तो ‘खजिना’ या शब्दातच होता. १९६८ साली बीबीसीच्या साहाय्याने रिचर्ड ॲटकिन्सन यांनी सिलबरी टेकडीत बोगदा खणावयास घेतला. सुमारे चाळीस मीटर उंचीची ही टेकडी माणसांनी हातांनी रचलेली. तिच्या पोटात सोने असणार, अशी लोकांची आशा. सोने निघाले नाही, आणि पुष्कळांचा विरस झाला. टेकडीच्या गाभ्यात सापडले ते चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे गवत, शेवाळ आणि पंख फुटलेल्या मुंग्या. मुंग्यांना पंख कोणत्या दिवसांत फुटतात, हे ठाऊक असलेल्या अभ्यासकांनी त्यांवरून टेकडीचे काम कोणत्या ऋतूत आरंभले असावे, याचा अंदाज बांधला.