आंधळ्या म्हाताऱ्याच्या खुर्चीत

मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ साली आली. तिच्यातला व्हिक्टर स्वतः घडवलेल्या जिवाला पहिल्याच रात्री टाकून पळतो, तरी वाचकानं त्याच्याच बाजूनं राहावं अशी सगळी सोय कादंबरीत आहे. गोष्ट सांगतो व्हिक्टर, आणि लिहून घेतो त्याच्यावर भाळलेला जहाजाचा कप्तान वॉल्टन. त्या जिवाला साधं नावही नाही. त्याचं बहुतेक म्हणणं आपल्यापर्यंत पोचतं तेसुद्धा वैऱ्याच्या तोंडून. मग आपलं मन त्याच्याकडेच का ओढ घेतं? उत्तर डी लासी या आंधळ्या म्हाताऱ्यापाशी आहे. अख्ख्या कादंबरीत त्या जिवाशी मायेनं बोलणारा तेवढा एकच, कारण त्याला तो दिसत नाही. म्हाताऱ्याचा मुलगा घरात येतो, बघतो आणि काठी उचलतो. छापील पानालाही चेहरा नसतो. वाचक नकळत त्या म्हाताऱ्याच्या खुर्चीत बसलेला असतो. हे वर्म त्या जिवाला पुरतं उमगलंय. आल्प्सच्या बर्फात व्हिक्टर त्याला डोळ्यांसमोरून चालता हो म्हणतो, तेव्हा तो आपले हात व्हिक्टरच्याच डोळ्यांवर ठेवतो. बघू नको, पण ऐक, असं तो विनवतो.

पण त्यानं व्हिक्टरच्या कोवळ्या भावाचा, विल्यमचा, गळा दाबला आणि आळ घरातल्या मोलकरणीवर, जस्टीनवर, ढकलला, त्याचं काय? ते पाप त्याच्याच माथी. कणव म्हणजे माफी नव्हे. पण निरपराध जस्टीन फासावर जाताना खरा खुनी कोण हे ओळखून गप्प बसणारा व्हिक्टर वर म्हणतो की तिच्यापेक्षा आपल्याच यातना मोठ्या. इथं माझी तरी त्याच्याबद्दलची सहनशक्ती संपते. एक मात्र कबूल: त्या जिवासाठी घडवत असलेली जोडीदारीण व्हिक्टर मोडून टाकतो, तेव्हाची त्याची मानवजातीबद्दलची भीती पोकळ नाही. कोणी १९३१च्या चित्रपटात हा जीव साकारणाऱ्या बोरिस कार्लॉफकडे बोट दाखवील. तिथं शब्द नाहीत, चेहराच आहे, आणि तरी प्रेक्षक कळवळतो. खरंय, पण ती दया मुक्या जनावरावरची. पुस्तकातला जीव मिल्टन आणि प्लुटार्क वाचून आलाय. तो नुसती दया मागत नाही, जाब विचारतो.

शेवटी वॉल्टनच्या जहाजावर, व्हिक्टरच्या प्रेतापाशी, वॉल्टनला त्या जिवाचा चेहरा दिसतो. वॉल्टनचे डोळे आपोआप मिटतात. मग वॉल्टन त्या जिवाला थांबायला सांगतो.