शिवडीच्या नानांचा ट्यूबवाला डबा



आल्याची भरणी उरकली, पावसानं दोन दिवस उघडीप दिलीय, म्हणून लिहायला बसलो. आजची नोंद शेतातली नाही. पण व्होल्टेज, अर्थिंग, स्पेअर पार्ट आणि दुकानदाराला विचारायचे प्रश्न हे सगळं त्यात आहे, म्हणून ह्याच पानावर टाकतोय. माझे चुलते, आम्ही नाना म्हणतो, मुंबईला शिवडीत राहतात. त्यांच्या रेकॉर्ड वाजवायच्या मशीनसाठी ट्यूबचा म्हणजे व्हॉल्व्हचा फोनो प्रीअँप घ्यायचा होता, आणि तो परवडणारा पाहिजे होता. मार्च ते मे त्यात गेले. फोटो बघून दोन-चार जणांनी विचारलं की दादा ही काचेची बाटली कसली, म्हणून सविस्तर सांगतो.

नाना गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूरकडं असं एक तरी घर प्रत्येक गावात सापडेल. संपाच्या दुसऱ्या वर्षी नानांच्या खोलीतली पितळेची भांडी गेली, घड्याळ गेलं आणि रेकॉर्ड वाजवायची पेटीही चोरबाजारात गेली. रेकॉर्डी तेवढ्या राहिल्या. काकी म्हणतात, "त्यांचं कुणी काय देत नव्हतं म्हणून राहिल्या." नाना म्हणतात, "मी दिल्या न्हाईत." काही का असेना, सत्तावन्न रेकॉर्डी चाळीस वर्षं पोटमाळ्यावर होत्या. त्यात आमच्या वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे आहेत, प्रल्हाद शिंदे आहेत, भजनं आहेत, दोन-तीन वगनाट्यं आहेत. नाना चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यामुळं ते गाणं ऐकत नाहीत, ते थाप ऐकतात. हे पुढं महत्त्वाचं आहे.

नाना आता एक्याऐंशीचे आहेत. डावा कान जवळपास गेलाय, उजवा बरा आहे. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलंय की तोही हळूहळू उतरणार. म्हणून घाई होती.

गेल्या दिवाळीत चुलतभावानं टर्नटेबल आणलं आणि घरातल्याच अँपच्या ऑक्स पिनला जोडलं. आवाज आला तो डासाच्या गुणगुणीसारखा. बारीक, कर्कश, आणि पखवाज तर कुठंच नाही. नाना म्हणाले, "आरं, आमच्या जुन्या पेटीला असला काय डबा लागत नव्हता. सरळ वाजायची."

नानांचं खरं आहे. जुन्या पेट्यांत बहुतेक सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असायचं. कार्ट्रिज म्हणजे सुई ज्यात बसवलेली असते तो तुकडा. त्यातून काहीशे मिलिव्होल्ट निघायचे, ते सरळ अँपला पुरायचे. पण त्या सुईचं वजन रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅम, कधी त्याहून जास्त. रेकॉर्डची सरी त्यानं लवकर झिजते. आताची चुंबकाची कार्ट्रिजं दोन ग्रॅमच्या आसपास वजनावर चालतात, पण देतात फक्त चार-पाच मिलिव्होल्ट. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई बऱ्याच टर्नटेबलांवर येतं, त्याचं चार मिलिव्होल्ट आहे. अँपला पाहिजेत चारशेच्या घरात. म्हणजे मध्ये शंभर पट वाढवणारं काहीतरी लागतं.

नुसतं वाढवून भागत नाही. रेकॉर्ड कापताना खर्जाचा आवाज मुद्दाम कमी करतात, कारण पूर्ण ठेवला तर सरी इतकी रुंद वळणं घेईल की एका बाजूला गाणी मावणार नाहीत. आणि बारीक सूर मुद्दाम वाढवतात, म्हणजे वाजवताना खरखर त्याखाली दबते. वाजवताना हे बरोब्बर उलटं करावं लागतं. अगदी खालचा खर्ज मधल्या सुराच्या मानाने साधारण दहा पट वर, अगदी वरचे सूर तितकेच खाली. पूर्वी प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं होतं. १९५४ साली अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं, आरआयएएनं, एक प्रमाण ठरवलं आणि पुढं तेच जगभर चाललं. फोनो प्रीअँपचं काम हे दोन्ही: शंभर पट वाढ आणि हा उलटा हिशोब. नानांचा पखवाज रेकॉर्डमध्ये होताच, फक्त दहाव्या हिश्शानं होता.

आता ट्यूब कशाला? साधा आयसीवाला डबा दीड-दोन हजारात मिळतो आणि हे काम चोख करतो. मी आधीच सांगतो, कुणाला फक्त रेकॉर्डी ऐकायच्या असतील तर तोच घ्या. पण नानांचं तरुणपण व्हॉल्व्हच्या रेडिओसमोर गेलेलं. चाळीत एका खोलीत रेडिओ, बाहेर गॅलरीत पंधरा माणसं. तो तापायचा, मग हळूहळू आवाज यायचा. त्यांना तो आवाज पाहिजे होता. आणि आमचं आलं यंदा बऱ्या भावानं गेलं होतं. दहा हजार मी ह्या कामाला काढून ठेवले. घरात त्यावर थोडं बोलणं झालं, ते इथं लिहीत नाही.

शिवडीहून हार्बर लाइननं सँडहर्स्ट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडपर्यंत चालत जायचं, असे माझे दोन-तीन फेरे झाले. पहिल्याच दुकानात पाच-सहा हजाराचा एक सुंदर डबा दाखवला. वर दोन छोट्या काचेच्या ट्यूबा, आतून नारिंगी उजेड. मी नीट वाकून बघितलं तर निम्मा उजेड ट्यूबच्या बुडाखाली बसवलेल्या एलईडीचा होता. ट्यूबची तार खरी तापते तेव्हा ती मंद लालसर दिसते, एवढा झगमगाट नसतो. एलईडी लावणं हा काही गुन्हा नाही, पण बी-बियाण्याच्या पाकिटावरचा फोटो बघून आपण पेरत नाही.

नानांच्या चाळीत खालच्या मजल्यावर एक जुने रेडिओ मेकॅनिक आहेत, नानांपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. त्यांनी मला तीन प्रश्न लिहून दिले. ट्यूब कुठली? तिच्या प्लेटला व्होल्टेज किती? आणि वाढवायचं काम ट्यूब करते की आयसी करतो?

तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ असा की स्वस्तातल्या काही डब्यांत वाढ आणि आरआयएएचा हिशोब सगळा आयसी करतो, ट्यूब नुसती शेवटी बसवलेली असते. दुसरा प्रश्न आपल्या लोकांना लगेच समजेल. ईसीसी८३, जिला अमेरिकेत १२एएक्स७ म्हणतात, ही ट्यूब दोन-अडीचशे व्होल्टवर चालायला बनवलेली आहे. एका काचेत दोन ट्यूबा असतात, प्रत्येकीची वाढवायची ताकद शंभराच्या आसपास. स्वस्त डब्यांत बऱ्याचदा दुसऱ्या जातीच्या छोट्या ट्यूबा येतात, ६जे१ किंवा ५६५४. ह्या मूळच्या रेडिओ-वायरलेसच्या कामाच्या. त्याही शंभराच्या वरच्या व्होल्टेजच्या, पण १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून त्यांना अनेकदा तीसेक व्होल्ट किंवा त्याहून कमीच मिळतं. लो व्होल्टेजला मोटार फिरते, पण पाणी वर चढत नाही, तसंच हे. हळू गाणं ठीक वाजतं. जोराची थाप आली की ट्यूबला वर जायला जागाच नसते आणि आवाज फाटतो. ते मेकॅनिक म्हणाले, "प्लेटला व्होल्टेज नसेल तर त्या ट्यूबला मी शोकेस म्हणतो." अडॅप्टर १२ व्होल्टचा आहे म्हणून डबा वाईटच असंही नाही, काहींत आत व्होल्टेज चढवणारी सर्किट असते. म्हणून विचारायचं. दोन दुकानदारांना उत्तर देता आलं नाही, एकानं फोन लावून विचारून सांगितलं. त्याच्याबद्दल मला आदर आहे.

पहिला प्रश्न मात्र मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ट्यूब हा झिजणारा भाग आहे, कधीतरी बदलावा लागतोच. आपल्याकडं बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं एके काळी रेडिओच्या ट्यूबा बनवल्या, आता ते बंद आहे. पण ईसीसी८३ गिटारच्या अँपला लागते, त्यामुळं ती रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये आजही नवी बनते. आपण पंप घेताना बघतो ना, की ह्याचं सील तालुक्याला मिळतं का? तसंच. ज्या ट्यूबचा जुना साठा संपला की खेळ खलास, तिच्या वाटेला मी गेलो नाही.

ऑस्ट्रियाच्या प्रो-जेक्टचा ट्यूब बॉक्स दोन ईसीसी८३ वर आहे, पण नवा माझ्या दहा हजारात बसत नव्हता. शेवटी परळच्या एका गृहस्थांकडं हातानं बनवलेला, वापरलेला डबा मिळाला, साडेनऊ हजाराला. दोन ईसीसी८३, आत स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, कार्ट्रिजला ४७ किलोओहमचा लोड. हा आकडा बहुतेक सगळ्या चुंबकाच्या कार्ट्रिजला चालतो, तेवढा बघून घ्यावा. मेकॅनिकनी झाकण काढून मीटर लावला, प्लेटला दोनशेच्या वर होतं. इथं एक सांगतो. हे कुणी हौसेनं घरी करू नका. स्विच बंद केला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये दोनशे-अडीचशे व्होल्ट डीसी बराच वेळ राहू शकतं. स्टार्टरच्या कपॅसिटरचा झटका ज्यानं खाल्लाय त्याला जास्त सांगायला नको.

डबा घरी आणून लावला तर घूंऽऽ असा आवाज. लाइट ५० हर्ट्झची, आणि तो खर्जाचा भाग. प्रीअँप नेमका खर्जच चढवतो, म्हणून लाइटची गुणगुण इथं सगळ्यात मोठी होऊन ऐकू येते. टर्नटेबलच्या मागून एक बारीक सुटी वायर येते, ती डब्याच्या ग्राउंडच्या स्क्रूला आवळायची असते. ती आवळल्यावर निम्मं गेलं. उरलेलं भिंतीच्या सॉकेटमुळं होतं. जुनी चाळ, तिसऱ्या पिनच्या भोकात वायरच नव्हती. अर्थिंग ओढून घेतल्यावर शांत झालं. डबाही टर्नटेबलच्या मोटारीपासून आणि अँपच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवला. शिवडीत बंदराकडचे टँकर, ट्रेलर दिवसभर जातात, खोली हलते, आणि ट्यूबला धक्का बसला की स्पीकरमधून टिंग येतं. खाली जुन्या ट्यूबचं रबर कापून चार तुकडे ठेवले. सायकलच्या ट्यूबचं म्हणतोय. टर्नटेबलमध्ये आतच प्रीअँप असेल तर मागचं बटण फोनोवर ठेवायचं, नाहीतर एकाच्या मागं दुसरा हिशोब लागतो.

मग मी दोन हजाराचा आयसीवाला डबा मागून आणला, आणि तो एलईडीवालाही दोन दिवसांसाठी मिळाला. नानांना पाठमोरं बसवून तिन्ही लावले, न सांगता. एकच रेकॉर्ड, एकच बाजू. एलईडीवाल्यावर नाना दोनच मिनिटांत म्हणाले, "थाप फाटतीया. पुड्याला पाणी लागल्यागत वाटतंय." उरलेल्या दोघांत मी चार वेळा अदलाबदल केली. तीनदा त्यांनी ट्यूबचा बरा म्हटला, एकदा आयसीचा. माझं प्रामाणिक मत विचाराल तर मला त्या दोघांत फरक थोडाच वाटला. गळा ट्यूबवर जरा जवळ येतो, एवढंच. रेकॉर्डी साबणाच्या अगदी पातळ पाण्यानं धुतल्यावर आणि सुई नवी घातल्यावर जो फरक पडला, तो ह्याच्या दसपट होता. म्हणून पैसे कमी असतील तर आधी सुई, मग धुणं, मग अर्थिंग, आणि उरले तर ट्यूब.

मी नानांना म्हटलं, "नाना, साडेसात हजार वाचतील, आयसीचा ठेवूया का? तुम्ही सांगाल तसं."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्यो तापायला येळ घेतोय न्हवं? तेवढ्यात मी चष्मा पुसून, रेकॉर्ड काढून बसतो. राहू दे ह्योच."

काकींचं म्हणणं एवढंच होतं की उन्हाळ्यात खोलीत आणखी एक तापणारी वस्तू कशाला. तेही बरोबर आहे. दहा बाय सोळाच्या खोलीत ते जाणवतं. नाना संध्याकाळी सातच्या आत वाजवून बंद करतात.

मे महिन्यात सगळं जमून आल्यावर त्यांनी सत्तावन्नपैकी एकोणचाळीस रेकॉर्डी वाजवून बघितल्या. अकरा गेल्यात, चाळीस वर्षांच्या उष्णतेनं वाकड्या झाल्यात. उरलेल्या सात जाड, ७८ च्या आहेत. त्यांना वेगळी, रुंद सुई लागते, आणि आरआयएएच्या आधीच्या असतील तर हिशोबही वेगळा. ती सुई दसऱ्यानंतर बघणार आहे, सोयाबीनचं काय होतंय त्यावर.

कुणाच्या माळ्यावर रेकॉर्डी असतील तर एवढं करा: आडव्या चळतीत ठेवू नका, पुस्तकासारख्या उभ्या लावा, आणि पत्र्याखालून काढा. कुणाकडं ७८ ची सुई वापरात असेल तर कमेंटमध्ये कळवा, मी फोन करतो.