पडद्यावरचे फोड

सर्दी-ताप उतरणीला लागला होता आणि एका रात्री उजवा कान ठणकायला लागला. दाढदुखी आणि बाळंतपण दोन्हींतून गेलेली बाई मी. पण हा ठणका वेगळाच होता. कानात सणक उठायची, दाढेत उतरायची, तिथून मानेत. सासूबाईंनी लसूण टाकून गोडेतेल कोमट करून आणलं. आमच्या घरातले सगळे कान त्या तेलावरच पोसलेत. पण मी कानाजवळ कुणाला बोटसुद्धा नेऊ देईना, म्हणून ते वाटीतच राहिलं.

"तेल-बिल घातलं नाहीत ना?" कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न हाच. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरतं, म्हणाल्या. सासूबाई भिंतीवरचा कानाचा तक्ता बघू लागल्या.

दुर्बिणीची नळी कानात सरकवून त्यांनी समोरच्या पडद्यावर आधी डावा, धडधाकट कान दाखवला. राखाडी, किंचित आरपार दिसणारा कानाचा पडदा आणि त्याच्या खालच्या कडेला उजेडाचा चकचकीत त्रिकोण. मग उजवा. त्रिकोण गायब, सगळीकडे लाली आणि वर दोन टपोरे फोड. एकात पाणी, दुसऱ्यात काळपट रक्त. तव्याचा चटका बसल्यावर बोटाला येतात अगदी तसे.

कागदावर त्यांनी लिहिलं : बुलस मायरिंजायटिस. म्हणजे फोडांसकट आलेली पडद्याची सूज. मुलाचा लहानपणी कान फुटायचा, तेव्हा पू साठायचा तो पडद्याच्या पाठीमागे, मधल्या कानात. इथे पडदा स्वतःच आजारी. जंतू मात्र बहुतेक वेळा तेच, न्यूमोकॉकस वगैरे. पूर्वी या फोडांचं खापर मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूवर फोडलं जायचं, ते पुढच्या तपासण्यांत फारसं टिकलं नाही.

एवढं दुखण्याचं कारणही तिथेच कळलं. पडदा जेमतेम सेंटिमीटरभर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका जाड. तरी त्यात तीन थर. बाहेरचा थर म्हणजे आपली कातडीच. पाणी साठतं ते तिच्याखाली. तिथे मज्जातंतूंची दाटी आणि ताणायला जागा नाही.

मग नादकाटा वाजवून त्यांनी माझ्या कपाळावर टेकवला. आवाज कुठे येतोय? मी दुखऱ्या कानाकडे बोट केलं आणि मलाच नवल वाटलं, कारण त्याच कानाला दडे बसले होते. बाई मात्र खूश. वाट पडद्याशी अडली असेल तर हाडातून आलेला आवाज त्याच बाजूला मोठा वाटतो. तो चांगल्या कानात गेला असता तर आतल्या कानाला धक्का पोचल्याची शंका आली असती, आणि या आजारात तसं कधीकधी होतं. म्हणून बरं झाल्यावर श्रवणचाचणीही करायची ठरली.

फोड सुईने टोचता येतात, पण त्यांनी टोचले नाहीत. वेदनाशामक आणि अँटिबायोटिक दिलं. दुसऱ्या रात्री उशी गुलाबी पाण्याने ओली झाली आणि ठणका एकदम निम्म्यावर आला. "कान फुटला गं तुझा!" सासूबाई घाबरल्या. त्यांचं भय अगदीच निराधार नव्हतं. पडदा फाटला तरी असंच हायसं वाटतं, त्यामुळे आत बघितल्याशिवाय सांगता येत नाही. माझी फक्त वरची कातडी फुटली होती, खालचे थर शाबूत होते.

दडे पुढे बरेच दिवस राहिले. अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा, आणि बड्सना कायमची रजा. बड्स कशाला नकोत तेही बाईंनी दाखवलं. पडद्याची कातडी मधून कडेला आणि तिथून नळीतून बाहेर सरकत असते, नख वाढतं साधारण त्या वेगाने. फोडाची काळी खपली आधी पडद्यावर दिसली होती. पुढच्या खेपेला ती नळीच्या भिंतीवर, बऱ्यापैकी बाहेर आलेली होती. तिला कुणी हात लावला नव्हता.