बाबांची दोरी

चिप बनून परत आली, तेव्हा पाच महिने उलटून गेले होते. नखापेक्षाही लहान तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, एका टोकाने प्रकाश सोडला आणि दुसऱ्या टोकाला किती पोचतोय ते पाहत बसले. शंभर भाग सोडले होते. पोचले जेमतेम चार-पाच.

त्या संध्याकाळी घरी येऊन कुणाशी न बोलता मी भाजी निवडत बसले. मुलीच्या जन्मानंतर कॉलेजातली नोकरी सोडली होती. बारा वर्षं घर सांभाळलं आणि एक्केचाळिसाव्या वर्षी मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर तिच्याच शेजारी बसून पायथॉन शिकले. हे नाव अजगरावरून नव्हे, ‘मॉन्टी पायथॉन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून पडलंय, हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली होती. बंगळूरच्या एका लहानशा कंपनीने विश्वासाने कामावर घेतलं आणि माझ्या पहिल्याच आराखड्याची ही गत!

बाबा तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. रेल्वेत ते पी. डब्ल्यू. आय. होते. सगळी नोकरी रुळांवर गेली, त्यातली बरीच वर्षं इगतपुरीला, घाटात.

“काय बिघडलं ते मला समजेल असं सांग,” ते म्हणाले.

मी सांगू लागले. आमच्या चिपवर तारा नसतात, सिलिकॉनच्या वाटा असतात. त्यांना वेव्हगाइड म्हणतात. रुंदी अर्धा मायक्रोमीटर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा शंभराहून जास्त मावतील. सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे ३.५ आणि भोवतालच्या काचेचा १.४४, म्हणून प्रकाश वाट सोडून बाहेर पडत नाही. या वाटा हाताने काढायच्या नसतात. ‘इतकी लांबी, इतक्या त्रिज्येचं वळण’ असं पायथॉनमध्ये लिहायचं, की जीडीएसफॅक्टरी नावाची लायब्ररी चित्र काढून देते. एक आकडा बदलला, की सगळं चित्र नव्याने उभं राहतं.

मी तोच एक आकडा बदलला होता. दिलेल्या जागेत जास्त लांबीची वाट बसवायची होती, म्हणून सापासारखी साठ वळणं घेतली आणि वळणाची त्रिज्या पाचाऐवजी एक मायक्रोमीटर केली. रुंदी आणि दोन वाटांमधलं अंतर तपासणाऱ्या प्रोग्रामने एकही चूक दाखवली नाही. दाखवणार कशी? प्रकाशाला वळता येईल का, हे तो तपासतच नाही. ते गणित वेगळं करावं लागतं. तारीख जवळ आली होती, म्हणून मी ते केलं नाही. दर वळणावर शंभरातले पाच सांडले, तर साठ वळणांनंतर पाचही उरत नाहीत.

बाबांनी विचारलं, “सरळ वाट संपते आणि वळण सुरू होतं, तिथे काय केलंस?”

“काही नाही. सरळ रेषेला वर्तुळाचा तुकडा जोडला.”

ते चक्क हसले! “अगं, मग डबा उडणारच!”

घाटातलं वळण ते कसं तपासत, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. बाहेरच्या रुळाला आतून वीस मीटरची दोरी ताणायची आणि तिच्या मध्यापासून रूळ किती दूर आहे ते मोजायचं. सरळ रुळावर ते अंतर शून्य. वळणाकडे जाताना ते दर टप्प्याला सारखं वाढत गेलं पाहिजे. एकदम वाढलं, तर गाडीला हिसका बसतो. मधला हा तुकडा आपली रेल्वे घनीय परवलयाच्या आकारात घालते.

प्रकाशाचंही तसंच आहे. सरळ वाटेत तो मधोमध चालतो, वळणात बाहेरच्या कडेला सरकतो. सांध्यावर त्याला एकदम सरकावं लागलं, की थोडा सांडतो. वळण फार आवळलं, तर वळणभर गळत राहतो. वाकडेपणा हळूहळू वाढवणारं ‘ऑयलर’ वळण आमच्या लायब्ररीत तयारच होतं. मला ते ठाऊकही होतं. पण त्याला जागा जास्त लागते ना!

“जागा नसेल, तर आम्ही गाडीचा वेग कमी करतो,” बाबा म्हणाले.

“प्रकाशाला हळू चाल, असं सांगता येत नाही, बाबा.”

“मग जागा दे.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं, की चूक माझी आहे आणि ठरलेली लांबी या जागेत बसणार नाही. साहेब बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले. एकाच चकतीवर अनेकांचे आराखडे छापतात, म्हणून खर्च वाटला जातो. पण पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. शेवटी म्हणाले, “लांबी कमी करा. पण या वेळी गणित आधी.”

आधी एका वळणाचं गणित केलं, मगच साठांचा विचार. त्रिज्या पुन्हा पाच, आकार ऑयलरचा. वळणं साठांची चोवीस झाली. आराखडा पाठवण्याआधी त्याचं मोठं चित्र छापून घरी आणलं. बाबांनी नवा चश्मा लावला, माझ्या शिवणाच्या डब्यातून दोरा काढला आणि प्रत्येक वळणावर ताणून पाहिला. पट्टी मुलीने धरली.

चिप अजून यायची आहे. बाबा इगतपुरीला परतले. दर रविवारी त्यांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, “गाडी पोचली का?”