आयर्लंडांतील दोन चव्हाटे

आयर्लंडास जाणारा प्रवासी बहुधा डब्लिन शहर, तेथील जुनें विद्यापीठ आणि पश्चिम किनाऱ्यावरील उंच कडे पाहून परततो. तीं स्थळें आम्हींही पाहिलीं, आणि तीं पाहण्यासारखीं आहेत. परंतु त्यांचीं वर्णनें पुष्कळ झालीं आहेत. आज वाचकांस आम्ही कॉर्क परगण्याच्या पश्चिम भागांतील एका आडवळणाच्या चव्हाट्यावर नेणार आहों. त्याचें नांव सॅम्स क्रॉस. कोणा सॅम नांवाच्या वाटमाऱ्यावरून तें पडलें, असें सांगतात.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त कॉर्क शहरीं असतो. ऑगस्ट महिन्यांतील एका रविवारीं त्याच्या मोटारींतून आम्ही निघालों. क्लोनाकिल्टी हें या भागांतील बाजाराचें गांव. येथील नांवाजलेला पदार्थ म्हणजे गुरांच्या रक्ताचें ‘ब्लॅक पुडिंग’! दुकानावरील त्याची पाटी पुतण्यानें समजावून सांगतांच आमच्या मंडळींनीं पदर नाकास लावला. सोडा घालून भाजलेला गव्हाचा जाडा पाव, लोणी आणि कडक चहा यांवर आम्हीं निभावून नेलें. आणि खरें सांगावयाचें तर त्या लोण्यानें आम्हांस गोकुळाची आठवण करून दिली.

गांव सोडल्यावर रस्ता अरुंद होत जातो. अशा गाडीवाटेस तिकडे ‘बोरीन’ म्हणतात. दोहों बाजूंस कुंपणाला फ्यूशियाचीं लाल-जांभळीं फुलें झुंबरांसारखीं लोंबत होतीं. या फुलांच्या आयरिश नांवाचा अर्थ ‘देवाचे अश्रू’ असा आहे. मध्येंच एके ठिकाणीं मोटार थांबवावी लागली; कारण भर रस्त्यांत खेळ चालला होता. अठ्ठावीस औंस वजनाचा लोखंडी गोळा रस्त्यानें फेंकीत जावयाचा, व ठरलेलें अंतर जो कमीत कमी फेंकींत पुरें करील तो जिंकला. म्हातारेकोतारे गोळ्यामागून धांवत होते. गोळा वळणापलीकडे दिसेनासा झाला तेव्हां कोठें आम्हांस वाट मिळाली.

सॅम्स क्रॉस म्हणजे थोडीं घरें, एक शिलास्मारक आणि ‘फोर ऑल्स’ नांवाचें एक मद्यगृह, इतकेंच. या नांवाच्या जुन्या पाट्यांवर चार पुरुष असत: राज्य करणारा राजा, प्रार्थना करणारा पाद्री, लढणारा शिपाई, आणि या तिघांचा खर्च सोसणारा शेतकरी. जवळच वुडफील्ड येथें अशाच एका शेतकऱ्याच्या घरीं १६ ऑक्टोबर १८९० रोजीं मायकेल कॉलिन्स यांचा जन्म झाला. आठ भावंडांतील हें शेंडेफळ. वडील त्या वेळीं पंचाहत्तरीच्या घरांत होते, व मुलगा सहा वर्षांचा झाला तोंच ते वारले. लिसावेर्डच्या शाळेंतील मास्तर डेनिस लायन्स आणि लोहार जेम्स सँट्री या दोघांनीं पोराच्या कानीं स्वदेशाच्या गोष्टी घातल्या. वयाच्या पंधराव्या वर्षीं तो लंडनला गेला, बहिणीपाशीं राहिला आणि टपाल खात्याच्या बचत बँकेंत कारकून झाला. त्याच कारकुनानें पुढें इंग्रज सरकारचें हेरखातें हैराण करून सोडलें! एप्रिल १९२१ मध्यें सरकारी सैनिकांनीं वुडफील्डचें घर जाळलें. आतां त्या घराचें जोतें तेवढें उरलें आहे. जोत्यावर उभें राहून, येथें स्वयंपाकघर असेल, येथें माजघर, असें आमच्या मंडळी मोजूं लागल्या. आम्हांला कांहीं बोलवेना.

पुढील इतिहास थोडक्यांत असा. ६ डिसेंबर १९२१ रोजीं लंडनमध्यें तह झाला. त्यावर सही करणाऱ्यांत कॉलिन्स होते. देशास स्वराज्य मिळालें, परंतु राजनिष्ठेची शपथ राहिली, आणि उत्तरेकडील सहा परगणे अलग पडले. डब्लिनच्या सभागृहांत तह मंजूर झाला तो ६४ विरुद्ध ५७ मतांनीं. जून १९२२ मध्यें कालचे सोबती एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. भाऊबंदकी म्हणजे काय, हें मराठी वाचकांस उलगडून सांगण्याची गरज नाहीं.

२२ ऑगस्ट १९२२ रोजीं कॉलिन्स सेनापति या नात्यानें याच मुलखांत दौऱ्यावर आले. सॅम्स क्रॉसला थोरले बंधु जॉनी यांची भेट झाली. ‘फोर ऑल्स’मध्यें बरोबरच्या शिपायांस त्यांनीं पेय पाजलें. येथून आम्हीही त्यांच्याच परतीच्या वाटेनें बँडनवरून बेल-ना-ब्लाकडे निघालों. पाऊण तासाचा रस्ता. ‘फुलांचें मुख’ असा या नांवाचा अर्थ लोक करतात. विद्वानांस तो मान्य नाहीं. हाही एक चव्हाटाच. सकाळीं जातांना कॉलिन्स यांच्या तुकडीनें येथें वाट विचारली, ती नेमकी प्रतिपक्षाच्या पहारेकऱ्यास! संध्याकाळीं चव्हाट्याच्या अलीकडे, टेकडीखालच्या वळणावर गोळीबार झाला. दबा धरून बसलेल्यांपैकीं बहुतेक लोक वाट पाहून आधींच निघून गेले होते. ‘गाडी जोरानें पुढें काढा’ असें सहकारी डाल्टन यांनीं सुचविलें. कॉलिन्स यांनीं थांबून लढण्याचा हुकूम दिला. अर्ध्या तासाच्या त्या चकमकींत मेले ते एकटे कॉलिन्स. वय एकतीस वर्षांचें. मारणारे परके नव्हते. बहुतेक याच परगण्याचे, याच बोरिनींतून शाळेस गेलेले.

१९२४ साली तेथें दगडी क्रूस उभारला गेला. आम्ही पोहोंचलों तेव्हां पाऊस भुरभुरत होता आणि पायथ्याशीं कोणी ताजीं फुलें ठेवलीं होतीं. गोळी कोणाची, याचा निर्विवाद निकाल आजवर लागलेला नाहीं. आपल्याकडे चव्हाट्यावर आलेली गोष्ट सर्वतोमुखीं होते. येथें मात्र चव्हाट्यावर घडलेली गोष्ट घरोघर गिळली गेली. रात्रीं ज्या घरीं आम्ही उतरलों तेथील आजीबाईंस आम्हीं भीत भीतच विचारलें. त्या म्हणाल्या, “माझे वडील तहाच्या बाजूचे, चुलते विरुद्ध. दोघे एकाच टेबलाशीं जेवत. चाळीस वर्षांत तें साल आमच्या घरीं कोणीं उच्चारलें नाहीं.” आम्हीं विचारलें, “आणि आई?” “ती दोघांच्या मध्यें बसे,” त्या म्हणाल्या, आणि किटलींत पाणी घालावयास उठल्या.

या फाटाफुटींतून निघालेले दोन पक्ष जवळजवळ शतकभर एकमेकांविरुद्ध निवडणुका लढले. २०२० मध्यें ते प्रथमच एका मंत्रिमंडळांत बसले, आणि ऑगस्ट २०२२ मध्यें, शंभराव्या स्मृतिदिनाच्या समारंभांत, त्या क्रुसापाशीं दोहों पक्षांचे पुढारी, मिहॉल मार्टिन आणि लिओ वराडकर, एकापाठोपाठ एक बोलले. यांपैकीं वराडकर यांचे वडील मुंबईचे, आणि घराणें मालवणजवळील वराडचें! आम्हीं हें अभिमानानें सांगितलें तेव्हां आजीबाई हंसल्या. “तो भला मनुष्य आहे,” त्या म्हणाल्या, “पण माझ्या चुलत्यांनीं त्याला मत दिलें नसतें.”