उडी दुसऱ्याची, नजर त्याची

घरात चार पाहुणे जमले की हल्ली एखादा व्हिडिओ हमखास दाखवला जातो. दुबईला नोकरीला असलेला भाचा विमानाच्या उघड्या दारात बसलाय, प्रशिक्षकाच्या पोटाशी पट्ट्यांनी घट्ट बांधलेला. पुढच्याच क्षणी दोघंही आभाळात! वाऱ्याने गाल फडफडताहेत, खाली समुद्रात खजुराच्या झाडाच्या आकाराचं ते प्रसिद्ध बेट दिसतंय. मावशी डोळ्यांवर हात धरतात, आजी 'अगं बाई!' म्हणते, भाच्याचं कौतुक होतं. प्रशिक्षकाचंही होतं.

पण भाच्याचा चेहरा समोरून दिसतोय, तो कुणी टिपला?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. त्या दोघांच्या समोर, हाताच्या अंतरावर, तिसराही माणूस कोसळत असतो. तो कुणालाही बांधलेला नाही. त्याच्या पाठीवर त्याचं स्वतःचं पॅराशूट आणि डोक्यावर हेल्मेटला लावलेला कॅमेरा. लग्नातला फोटोग्राफर जसा पोटासाठी लग्नं टिपतो, तसा हा पोटासाठी दुसऱ्यांच्या उड्या टिपतो. दिवसातून सात-आठ वेळाही.

एका प्रशिक्षकाला एक नवखा बांधून मारलेल्या उडीला 'टँडम' म्हणतात. बिल बूथ आणि टेड स्ट्राँग या दोघा अमेरिकनांनी १९८०च्या दशकात ही पद्धत रूढ केली आणि ज्याने आयुष्यात कधी पॅराशूट पाहिलं नाही त्यालाही अर्ध्या तासाच्या माहितीवर आकाशातून उडी घेता येऊ लागली. आपल्याकडे २०११मध्ये 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला. हृतिक, फरहान आणि अभय देओल स्पेनच्या आकाशात झेपावले आणि मध्यमवर्गीय घरातल्या मुलामुलींच्या यादीत गोवा, लडाखच्या जोडीला हीही उडी आली. ज्यांना कॅमेऱ्याचं वेड आहे, त्यांच्यातल्या काहींच्या मनात मग पुढचा विचार येतो. उडीही मारायची आणि तिचे पैसेही घ्यायचे! याहून चांगली नोकरी कोणती?

समजा, असा विचार चेन्नईतल्या एखाद्या मराठी मुलाच्या डोक्यात आला. चेन्नईत मराठी माणूस कुठला, असं विचारू नका. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडीकडच्या दुष्काळी गावांतून सोन्या-चांदीच्या गलाईसाठी बाहेर पडलेली माणसं देशभर पसरली आहेत आणि सराफ बाजार असलेल्या चेन्नईच्या सौकारपेठेलाही ती परकी नाहीत. अशाच एका गलाईवाल्याच्या घरातला हा मुलगा. भट्टीपेक्षा त्याचं लक्ष कॅमेऱ्यात जास्त. शहरही त्याला साजेसंच. कोडंबाक्कमच्या स्टुडिओंचं, तरमणीच्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचं. लेन्स, प्रकाश, फोकस हे सगळं शिकायला त्याला चेन्नईबाहेर पाऊल टाकावं लागणार नाही.

शिकायचं राहतं ते एवढंच, पडायचं कसं!

इथेच हिशेब मोठा होतो. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेचे नियम आणि सूचना जगात बऱ्याच ठिकाणी प्रमाण मानल्या जातात. तिथला पहिला, म्हणजे 'ए' परवाना मिळायला किमान २५ उड्या लागतात. 'बी'ला ५०, 'सी'ला २०० आणि 'डी'ला ५००. आणि कॅमेरा? तो डोक्यावर चढवण्याआधी 'सी' परवाना आणि २०० उड्या पदरी असाव्यात, अशी संघटनेची शिफारस आहे. तीसुद्धा केवळ स्वतःच्या हौशीसाठी, अनुभवी मित्रांना टिपण्यासाठी. टँडममधल्या गिऱ्हाइकासमोर जायचं तर त्यापुढे आणखी शेकड्यांनी उड्या आणि कॅमेऱ्यासह मारलेल्या बऱ्याच उड्यांचा सराव मागितला जातो. म्हणजे पहिला पगार हातात पडण्याआधी या मुलाला आपल्या खर्चाने काही शे वेळा विमानातून बाहेर पडायचंय.

तरुण मुलं या आकड्यावर चिडतात. त्यांचं म्हणणं खोटंही नाही. पूर्वी हेल्मेटवर जड व्हिडिओ कॅमेरा असायचा, पॅराशूट उघडताना बसणाऱ्या झटक्याने मान आखडायची. आता काडेपेटीपेक्षा थोडा मोठा कॅमेरा येतो, वजन नाही, कटकट नाही. तो हेल्मेटला चिकटवायला २०० उड्या कशाला?

वजनाचा प्रश्न आता तितका उरलेला नाही, हे मान्य. लक्षाचा प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे. टँडमची उडी साधारण दहा ते तेरा हजार फुटांवरून होते. त्यातलं मोकळं पडणं जेमतेम पाऊण मिनिटाचं. कॅमेरावाला बहुधा दोघांच्या क्षणभर आधी विमानाबाहेर येतो, दाराबाहेरच्या पायरीवर लोंबकळतो आणि त्यांच्याकडे तोंड करूनच हवेत सुटतो. टँडमच्या जोडीमागे एक लहानशी छत्री ओढली जात असते. ती नसती तर दोघांच्या वजनाने जोडी फारच वेगात गेली असती. तिच्यामुळे वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास राहतो. पण आजचं गिऱ्हाईक पन्नास किलोची मुलगी आणि उद्याचं नव्वद किलोचा गृहस्थ! दर वेळी जोडीचा वेग थोडा वेगळा. कॅमेरावाल्याच्या अंगरख्याला दंड आणि बरगड्यांच्या मध्ये कापडी पंख शिवलेले असतात. हात पसरले की पडणं हळू होतं, आवळले की वेग वाढतो. अशा रीतीने तो त्यांच्या पातळीला राहतो. जरा वर गेला तर टाळू दिसते, खाली गेला तर हनुवट्या. फार जवळ गेला तर धडक. आणि जोडीच्या बरोबर डोक्यावर आला तर त्यांच्या पाठीमागची हवा विस्कळीत असते, तिथे आधार मिळत नाही, तो धोंड्यासारखा त्यांच्यावरच पडू शकतो. मागची ती लहान छत्री त्याच्या अंगात अडकली तर तिघांचीही गाठ संकटाशी.

हे सगळं सांभाळत चेहऱ्यावरचं हसू टिपायचं. हात पंखांच्या कामात गुंतलेले, म्हणून फोटोचा खटका अनेकजण तोंडात धरतात. दाताखाली दाबला की फोटो! मग पाच हजार फुटांच्या सुमाराला प्रशिक्षक मोठी छत्री उघडतो, जोडी एकदम वर खेचल्यासारखी दिसेनाशी होते. तो क्षण चित्रात हवाच, त्याशिवाय गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही. तो टिपून कॅमेरावाला आणखी खाली जातो, स्वतःचं पॅराशूट उघडतो आणि त्यांच्या आधी जमिनीवर पोचून उतरण्याचं चित्रण करायला उभा राहतो. पुन्हा टेक घेता येत नाही. सौकारपेठेतल्या मुलाला हे निराळं समजावायला नको. लोकांचं सोनं भट्टीत टाकण्याआधी त्याच्या वडिलांनी किती वर्षं नुसता जाळ सांभाळला असेल!

दोनशे उड्या खर्ची पडतात त्या यासाठी. सायकल शिकलेला माणूस जसा तोल विसरतो, तसं पडणं विसरता यायला हवं. तेव्हा कुठे डोळे दुसऱ्याकडे लावता येतात.

आणि तरीही धोका संपत नाही. एप्रिल १९८८मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एक पस्तीस वर्षांचा अनुभवी माणूस प्रशिक्षक आणि विद्यार्थ्याची उडी टिपायला विमानात चढला. आठशेहून अधिक उड्या त्याच्या नावावर होत्या. त्या काळी कॅमेऱ्याबरोबर व्हिडिओ रेकॉर्डरचं ओझंही अंगावर वागवावं लागे. तो विमानातून बाहेर पडला, चित्रण उत्तम केलं आणि पॅराशूट उघडायला हात मागे नेला. पॅराशूट नव्हतंच! ते घालायचं तो विसरला होता. खांद्यावरच्या सामानाच्या भारामुळे पाठीवर पॅराशूट आहे असंच त्याला वाटलं असावं. नवख्याच्या हातून अशी चूक होणं कठीण, तो दहा वेळा पट्टे चाचपतो. कामात बुडालेल्या माणसाच्या हातून झाली.

आता आपल्या देशाकडे वळू. रॅचेल थॉमस यांनी १९७९मध्ये पहिली उडी मारली, २००२मध्ये उत्तर ध्रुवावर उतरल्या, २००५मध्ये पद्मश्री मिळवली. त्यांच्या एकूण उड्या सुमारे ६५०, आणि त्यासुद्धा १८ देशांत मिळून. पुण्याच्या शीतल महाजन यांनी तर १८ एप्रिल २००४ रोजी आयुष्यातली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली, उणे ३७ अंशांत! डिसेंबर २००६मध्ये अंटार्क्टिका, २०११मध्ये पद्मश्री. फेब्रुवारी २०१८मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली, तिचे फोटो घरोघरी पाहिले गेले. त्यांच्याही उड्यांचा आकडा शेकड्यांतच मोजला जातो. देशाने गौरवलेल्या या स्त्रियांनी वर्षानुवर्षं खपून जो आकडा गाठला, तेवढ्या उड्या परदेशातल्या गजबजलेल्या मैदानावरचा कॅमेरावाला एक-दोन हंगामांत मारतो. त्यांचं मोठेपण यात उणं होत नाही. आपल्याकडे उडीला विमान मिळणंच किती दुर्मीळ होतं, एवढंच त्यातून दिसतं.

ते अजूनही सुलभ नाही. हरियाणात नारनौलजवळ उड्या होतात, मध्य प्रदेशात उज्जैनला हंगामी महोत्सव भरतो. चेन्नईच्या आसपास मात्र बारमाही चालणारं मैदान नाही. मीनंबाक्कमचा विमानतळ गजबजलेला, तांबरमला हवाई दल, अरक्कोणमला नौदलाचा तळ. आकाश आधीच वाटून घेतलेलं! उरलंसुरलं ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य मोसमी पाऊस बघून घेतो. सैन्यात जाणाऱ्याला सरकार उड्या देतं, नागरिकाने त्या विकत घ्यायच्या.

विकत म्हणजे किती? अमेरिकेत एका उडीचं तिकीट साधारण तीस डॉलर. दोनशे उड्यांचे सहा हजार डॉलर, म्हणजे पाच लाखांच्या वर. सुरुवातीचा अभ्यासक्रम, पॅराशूटचा स्वतःचा संच (जुना घेतला तरी काही लाख), विमानप्रवास, व्हिसा, राहणं-जेवणं. दहा-पंधरा लाखांना सहज हात घालावा लागतो. आणि कमाई? एका उडीमागे बहुधा त्या तिकिटाच्या आसपासचीच रक्कम. हंगाम असेल, वारा शांत असेल, ढग नसतील तरच. शिवाय हल्ली बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षकच मनगटाला छोटा कॅमेरा बांधतो आणि वेगळ्या माणसाचा खर्च वाचवतो. जिथे गिऱ्हाईक जास्त पैसे मोजून समोरून काढलेलं चित्रण मागतं, तिथेच याला काम. हे पालकांनी मुलाला आणि मुलाने स्वतःला आधीच सांगितलेलं बरं.

मात्र जो या धंद्यात शिखरावर पोचतो, त्याचं काम पाहून थक्क व्हायला होतं. 'मिशन इम्पॉसिबल'च्या २०१८च्या चित्रपटात टॉम क्रूझ पंचवीस हजार फुटांवरून झेप घेतो. क्रेग ओब्रायन हा कॅमेरावाला त्याच्या आधी पाठमोरा विमानाबाहेर पडला, कॅमेरा डोक्यावर. पडद्यावरच्या त्या काही मिनिटांसाठी शंभराहून जास्त उड्या माराव्या लागल्या. क्रूझचं नाव सगळ्यांना ठाऊक. ओब्रायनचं?

सौकारपेठेतल्या मुलाने सुरुवात कुठे करावी? हैदराबादला आता उभ्या काचेच्या नळीत खालून जोराचा वारा सोडून माणसाला तरंगवणारं केंद्र आहे. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता येतं. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरही तसंच एक आहे. तिथल्या दहा मिनिटांत दहा-बारा उड्यांइतकं पडणं शिकून होतं. पॅराशूट हाताळणं तिथे शिकता येत नाही, पण हे शरीर हवेत स्थिर राहील की नाही, एवढं तरी पंधरा लाख घालण्याआधी कळतं.

आणि घरी सांगावं लागेलच. वडील आकडे ऐकतील, गलाईतल्या माणसाला हिशेब पटकन कळतो. प्रश्न विचारील ती आई. ताटात भाकरी वाढता वाढता म्हणेल, "त्या पोरीला धरायला मास्तर हाय म्हणतोस. तुला धरायला कोण हाय रं?"

उत्तर तसं साधं आहे. हेल्मेटच्या आत, कानापाशी, एक चिमुकलं यंत्र बसवतात. ठरवलेली उंची आली की ते किंचाळतं. कॅमेरावाल्यावर त्या पाऊण मिनिटात दुसरं कुणीच नजर ठेवून नसतं. ते वाजलं की समोर कितीही सुंदर हसू असो, दातातला खटका सोडायचा आणि हात मागे न्यायचा.